बूस्ट आला की गाडी गचके खाते: टर्बो पेट्रोलमधलं मिसफायर शोधायचं कसं

रिमॅप करून (जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून) आणलेली टर्बो पेट्रोल गाडी शहरात छान चालते. आयडलला आरपीएमची सुई जागची हलत नाही. पण मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की साडेतीन हजारांच्या आसपास धडधड सुरू होते, गाडी गचके खाते, पाय सैल केला की पुन्हा सगळं ठीक. टर्बो गाडीत बदल करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. मग सुरू होतं पार्ट बदलणं. आधी प्लग, मग चारही कॉइल, मग फ्युएल पंप, आणि शेवटी ट्यूनरशी वाद. यात पैसे जातात, आणि दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं, कुठल्या आरपीएमला होतं, किती बूस्टला (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या जादा दाबाला) होतं, कुठल्या सिलिंडरमध्ये होतं आणि इंजिन गार असताना होतं की तापल्यावर, एवढ्या चार गोष्टी आधी लिहून काढल्या तर संशयितांची यादी लगेच आखूड होते. खालच्या सगळ्या पायऱ्या या चार उत्तरांसाठीच आहेत.

उदाहरणाला मी तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घेतोय. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या या गाडीत ईए८८८ घराण्याचं इंजिन आहे. कंपनीच्या ट्यूनवर १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. स्टेज वन रिमॅप (पार्ट न बदलता फक्त फाइल बदलणं) केलेल्या या गाड्या आपल्याकडे भरपूर आहेत. बाकी पोलो असो, व्हर्टस असो, आय-ट्वेंटी एन लाइन असो की पेट्रोल थार, तपासणीचा क्रम तोच राहतो.

आधी सावधगिरीचं

चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी हळू चालवत घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर पाय लगेच वर घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि हवा एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आहे आणि तो खराब होण्याइतका तापतो आहे. आतली जाळी वितळली की एक्झॉस्ट तुंबतो. मग मूळ दोष काढल्यावरही वरच्या आरपीएमला गाडी दमल्यासारखी वाटते. एका खराब कॉइलपायी कन्व्हर्टर घालवू नका.

दुसरं, बूस्टखालची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नका. पुण्या-मुंबईत डायनो असलेली गॅरेजेस आहेत. तिथे गाडी एका जागी बांधून हवा तो लोड देता येतो, आणि तुमचं लक्ष रस्त्याऐवजी लॅपटॉपवर राहू शकतं. डायनोसमोरचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करू शकत नाही, म्हणून दोन ‘पुल’च्या (पाय पूर्ण दाबून आरपीएम खालून वर नेण्याच्या एकेका फेरीच्या) मध्ये इंजिनला गार व्हायला वेळ द्या.

बूस्टमध्येच का?

स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: फट किती मोठी आणि तिथला वायू किती दाट. भौतिकशास्त्रात हा पाशेनचा नियम. टर्बो जास्त हवा कोंबतो, पिस्टन ती आणखी दाबतो, आणि ठिणगी उडायच्या क्षणी सिलिंडरमधला वायू आयडलच्या कितीतरी पट दाट असतो. आयडलला साधारण दहा किलोव्होल्टच्या आसपास भागत असेल, तर भरपूर बूस्टला ही मागणी दुप्पट-तिप्पट होते. रिमॅपने बूस्ट वाढवला की मागणी आणखी वर जाते. हे व्होल्टेज देणारी कॉइल मात्र तीच राहते.

जुन्या कॉइलला तेवढं व्होल्टेज देता आलं नाही तर ठिणगी उडतच नाही. किंवा तिला फटीपेक्षा सोपी वाट सापडते. प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकला केसाएवढा तडा असेल, कॉइलचं रबरी बूट वाळून चिरलं असेल, तर वीज तिथून बाहेरच्या धातूकडे निघून जाते. आयडलला हाच प्लग आणि हीच कॉइल व्यवस्थित काम करतात, कारण तिथे मागणी कमी असते. “आयडलला एकदम स्मूद आहे, म्हणजे कॉइल चांगली आहे” हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकलं तर मान डोलवू नका.

वेळेचंही बंधन आहे. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा दहा मिलिसेकंदांत होतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची पाळी दर वीस मिलिसेकंदांनी येते. कॉइल चार्ज व्हायचं ते त्यातल्या छोट्याशा भागात. अल्टरनेटर अशक्त असेल आणि सिस्टीमला चौदाच्या जागी बारा व्होल्ट मिळत असतील, तर कॉइल पुरती भरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी इंजिन चालू ठेवून, दिवे आणि एसी लावून, बॅटरीवर मल्टिमीटर धरा. एका मिनिटाचं काम आहे, आणि बरेच जण ते करतच नाहीत.

पायरी १: हे खरंच मिसफायर आहे का?

बूस्टखालचा प्रत्येक गचका मिसफायर नसतो. ठरवल्यापेक्षा जास्त बूस्ट झाला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच थ्रॉटल मिटतो. तेव्हा गाडी मागून कुणी धरल्यासारखी अडते, पण धडधडत नाही. नॉकिंगमुळे (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटल्यामुळे) त्याने ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तर जोर हळूच ओसरतो. ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडला तर डॅशबोर्डवर त्याचा दिवा लुकलुकतो. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो, वेग चढत नाही. खऱ्या मिसफायरमध्ये लयीत तुटक धक्के जाणवतात, एक्झॉस्टमधून फटफट येते आणि बहुधा न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो.

शंका असेल तर थ्रॉटल प्लेटचा कोन लॉगमध्ये (चालत्या इंजिनाच्या सेन्सरच्या नोंदींत) बघा. पाय पूर्ण दाबलेला असताना प्लेट मिटत असेल, तर प्लग-कॉइलला हात लावायच्या आधी बूस्ट कंट्रोलकडे वळा.

पायरी २: कोड वाचा, पण लगेच पुसू नका

व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन किंवा चांगलं ईएलएम३२७ डाँगल, यातलं कोड वाचणारं एखादं उपकरण हवंच. पी०३०० म्हणजे विखुरलेलं किंवा अनेक सिलिंडरमधलं मिसफायर. पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. या इंजिनात टायमिंग चेनच्या बाजूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाचा सिलिंडर एक नंबरचा. शेजारी पी०१७१ असेल तर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी०२९९ असेल तर बूस्ट कमी पडतोय, पी००८७ असेल तर रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) इंधनाचा दाब कमी. ही जोडगोळी दिसली तर मिसफायर हे लक्षण समजा आणि दुसऱ्या कोडचा माग आधी घ्या.

कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष नोंदला त्या क्षणीचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान. तिचा फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी गेली की पहिलं काम म्हणून कोड पुसला जातो आणि सगळ्यात उपयोगी माहिती त्याच्याबरोबर जाते. गाडी सोपवतानाच सांगा की मला विचारल्याशिवाय काही पुसू नका.

एकाच सिलिंडरचा कोड वारंवार येत असेल तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या सामानात आहे: कॉइल, प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह. चारही सिलिंडर आलटून पालटून येत असतील तर सगळ्यांना सामाईक गोष्टी शोधा: सगळ्या प्लगची फट, इंधनाचा दाब, हवेची गळती, ट्यून.

पायरी ३: लॉग

इंजिन पूर्ण गरम करा. डायनोवर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएमपर्यंत एक सलग पूल घ्या. दीड हजार आरपीएमला उंच गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊ नका. थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेल्या टर्बो इंजिनात तिथेच ठिणगीच्या आधी मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो.

नोंदवायच्या गोष्टी: आरपीएम, मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट, थ्रॉटलचा कोन, प्रत्येक सिलिंडरची टायमिंग माघार, मागितलेला आणि प्रत्यक्ष लॅम्ब्डा (मिश्रणातल्या हवेचं प्रमाण: १ म्हणजे नेमकं, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त), मागितलेला आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर. स्वस्त डाँगलने इतकं सगळं एकदम घेतलं तर नोंदी विरळ होतात. मग दोन पूल करा, आधी ठिणगीची बाजू, नंतर इंधनाची.

बूस्टचा आकडा वाचताना नवखे हमखास अडखळतात. लॉगमधला दाब बहुधा निरपेक्ष असतो, त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. मुंबईत तो साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास, महाबळेश्वरला ८६० च्या जवळ. लॉगमध्ये २००० मिलिबार दिसले तर मुंबईत बूस्ट जवळजवळ एक बार, पण महाबळेश्वरला तेच २००० गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. घाटमाथ्यावर घेतलेल्या लॉगची तुलना कोकणातल्या लॉगशी करताना हे लक्षात असू द्या.

आता मिसफायर कुठे सुरू होतं ते बघा. सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो तो टॉर्कच्या शिखरापाशी, या गाडीत साधारण तीन ते साडेचार हजारांच्या पट्ट्यात. काउंटर तिथे चढत असतील आणि पुढे थांबत असतील, तर ठिणगीवर संशय घ्या. मधला पट्टा स्वच्छ आणि साडेपाच हजारांच्या पुढे गडबड असेल, तर इंधनाचा पुरवठा आधी बघा, कारण दर सेकंदाला लागणारं पेट्रोल तिथे सर्वाधिक असतं. गार इंजिनवर आयडलला मिसिंग आणि गरम झाल्यावर गायब असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा विचार करा. थेट इंजेक्शनमुळे त्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, मग काजळी साचत जाते.

लॅम्ब्डा वाचताना एका सापळ्यापासून जपा. मिसफायर झालं की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरता तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, सोबत गेलेलं पेट्रोल त्याला नीट दिसत नाही. म्हणून ठिणगी चुकली तरी लॉगमध्ये मिश्रण पातळ दिसतं. ते बघून कुणी ट्यूनमध्ये पेट्रोल वाढवलं, तर जास्त श्रीमंत (जास्त पेट्रोलचं) मिश्रण पेटवणं आणखी कठीण होतं आणि मिसफायर वाढतं. काउंटर चढण्याच्या आधी लॅम्ब्डा पातळ झाला, की काउंटर चढल्यावर? हा क्रम लॉगमध्ये एकेक ओळ करून तपासा. आधी पातळ झाला असेल तरच इंधनाला दोष द्या.

पायरी ४: प्लग आणि कॉइल

बूस्टखालच्या मिसफायरचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं, आणि हीच सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. म्हणून इथे घाई करू नका.

इंजिन गार होऊ द्या. कॉइलचे कनेक्टर उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, खटका उचलताना जोर लावू नका. कॉइल सरळ वर ओढा. खळग्यात टॉर्च मारून बघा. पाणी दिसलं तर अलीकडे प्रेशर पंपाने इंजिन धुतलं होतं का आठवा. पावसाळ्यात आणि सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या मिसिंगचं कारण कित्येकदा एवढंच असतं. तेल दिसलं तर ते वरून गळतंय, ते बंद केल्याशिवाय नवीन कॉइल टाकू नका, कारण तेलाने बूटचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. प्लग सोडवण्याआधी खळगा हवेने साफ करा, नाहीतर माती सिलिंडरमध्ये जाईल.

आता अदलाबदल. समजा पी०३०३ आला आहे. तीन नंबरची कॉइल दोनवर लावा, दोनची तीनवर. प्लग तिथेच राहू द्या. पुन्हा पूल घ्या. काउंटर दोन नंबरवर गेला तर कॉइल दोषी, गोष्ट संपली. तीनवरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल. तरीही तीनवरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. दर वेळी एकच गोष्ट हलवा. या कॉइलमध्ये इग्नायटर आतच बसवलेला असल्यामुळे मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून काही पक्कं कळत नाही. अदलाबदल हीच खरी परीक्षा.

प्लग बाहेर काढल्यावर सिरॅमिक उन्हात धरून बघा. त्यावर उभी, बारीक काळी रेघ आणि बूटच्या आत तिच्यासमोर तसाच डाग दिसला तर वीज तिथून बाहेर पळत होती. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला. एकच बदललात तर जुन्यावरची रेघ नव्यावर वाट पाडते. सिरॅमिकच्या मुळाशी, धातूच्या षटकोनाच्या वर, तपकिरी कडं दिसलं तर मात्र घाबरू नका. तो उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण चिकटून पडलेला डाग असतो. गॅस गळतोय असं सांगून या डागापायी चांगले प्लग फेकायला लावणारे भेटतात.

टोकाकडचा भाग फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण श्रीमंत किंवा ठिणगी चुकते आहे. ओलं, तेलकट असेल तर पीसीव्ही (इंजिनातले वायू परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा सील किंवा रिंग यांच्याकडे बघा. सिरॅमिकवर मिठाच्या कणांसारखे चकचकीत ठिपके दिसले तर गाडी त्या दिवशी पुन्हा बूस्टमध्ये नेऊ नका. ते नॉकिंगमुळे पिस्टनचं ॲल्युमिनियम सुटल्याचं चिन्ह असू शकतं.

मग फट. चारही प्लगची मोजा, नवीन असले तरी. डब्यातून येताना सगळे सारखे असतातच असं नाही, आणि वापराने फट वाढत जाते. अशा इंजिनात मूळ फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटरची असते. बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत ती ०.६ ते ०.६५ वर आणायची पद्धत आहे. एकदम खूप कमी करू नका. ०.०५ च्या टप्प्याने उतरा, आणि ०.५ च्या खाली गेलात तर ठिणगी इतकी तोकडी होते की आयडल बिघडतं. इरिडियम प्लगची मधली सुई फार नाजूक असते. फक्त बाहेरची पट्टी वाकवा, सुईवर गेज दाबू नका, आणि नाण्यासारखं गोल गेज तर वापरूच नका. तारेचं गेज घ्या.

स्टेज टू आणि पुढच्या ट्यूनला एक पायरी थंड (उष्णता हेडकडे लवकर सोडणारा) प्लग सुचवतात. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट, त्यामुळे ब्रँड बदलताना तक्ता बघूनच घ्या. पण थंड प्लग नॉकिंग आणि अकाली पेटणं टाळण्यासाठी असतो, मिसफायरवरचं ते औषध नाही. रोज सिंहगड रोडच्या नाहीतर ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्या स्टेज वन गाडीत जास्त थंड प्लगवर काजळी धरते आणि नवीनच मिसिंग सुरू होतं. अशा गाडीत मूळ उष्णता-श्रेणीच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. प्लग खात्रीच्या दुकानातून घ्या, बनावट डबे बाजारात फिरतात. बसवताना हाताने आटे धरा, नंतर मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने घट्ट करा. सैल प्लगची उष्णता हेडमध्ये जात नाही, अतिघट्ट प्लगचं सिरॅमिक तडकतं, आणि तो तडा पुन्हा बूस्टमध्येच बोलतो.

लाल डोक्याच्या, ऑडी आर८ च्या कॉइल या इंजिनांत बऱ्याच जणांनी बसवलेल्या असतात. बसवायला हरकत नाही. पण मूळ कॉइल चांगल्या अवस्थेत असतील आणि फट योग्य असेल, तर स्टेज वनला त्यांची गरज पडत नाही. निदान झाल्याशिवाय तिकडे पैसे घालू नका.

पायरी ५: हवा कुठे गळते?

टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचा मार्ग आयडलला बंदिस्त वाटतो आणि एक बार दाब आला की एखादा पाइप क्लँपमधून सरकतो. जिथे मास एअरफ्लो सेन्सर आहे तिथे याचा थेट परिणाम होतो: हवा मोजली गेली, तिच्या हिशोबाने पेट्रोल सुटलं, पण हवा वाटेतच गेली. मिश्रण श्रीमंत, काळा धूर, गचके. फक्त मॅप (हवेचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मिश्रण फारसं बिघडत नाही, पण टर्बो ती तूट भरायला जास्त फिरतो आणि हवा तापते.

चाचणीसाठी टर्बोच्या तोंडाशी झाकण बसवा, त्यातून रेग्युलेटर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा. अर्ध्या बारपासून सुरू करा, एक बारच्या पुढे जाऊ नका. झाकण पट्ट्याने बांधा आणि डोळ्यांवर गॉगल लावा, कारण सुटलेलं झाकण गोळीसारखं येतं. साबणाचं पाणी मारत प्रत्येक जोड, इंटरकूलरची दोन्ही टोकं आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह तपासा. ऑइल फिलरमधून हवा येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्हकडे बघा, या इंजिनात तो बिघडणं नवलाचं नाही. धुराचं मशीन कमी दाबावर चालतं, त्यामुळे फक्त दाबाखाली उघडणारी गळती त्यातून निसटू शकते.

पायरी ६: पेट्रोल पुरतंय का?

लॉगमधल्या दोन रेषा शेजारी ठेवा: मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष. तिसऱ्या पिढीच्या ईए८८८ मध्ये हे २०० बारपर्यंत जातं. समजा मागणी १९० आहे आणि साडेपाच हजारांना प्रत्यक्ष १४० वर आलं, त्यानंतर काउंटर चढले, तर उत्तर मिळालं. टाकीतला पंप, फिल्टर, की कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप, हे टाकीकडच्या लाइनचा दाब मोजून वेगळं करता येतं. तिथला दाब टिकून असेल आणि रेलमधला पडत असेल तर हाय प्रेशर पंप. दोन्ही पडत असतील तर मागे टाकीकडे जा.

आपल्याकडे आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि रिमॅप केलेल्या गाडीसाठी ही मोठी गोष्ट आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन. जुन्या पेट्रोलवर ट्यून झालेली आणि पंप-इंजेक्टर आधीच मर्यादेजवळ असलेली गाडी इथे उघडी पडते. तुमचा ट्यून कधी आणि कोणत्या इंधनावर झाला ते ट्यूनरला विचारा. आणि मिश्रण लॅम्ब्डामध्येच बोला. एअर-फ्युएल रेशोचे आकडे इंधनागणिक बदलतात. ऑक्टेनचा संबंध नॉकिंगशी आहे. एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरल्याने अशक्त कॉइल सुधारत नाही, पण जास्त ऑक्टेनसाठी केलेल्या ट्यूनमध्ये कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलं तर टायमिंग माघार वाढते.

पायरी ७: इंजिनाचं आरोग्य

एकच सिलिंडर, कॉइल-प्लग हलवूनही जागेवरच असेल तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद, बॅटरी भरलेली. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक खूप खाली असेल तर लीकडाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडा, आणि हवा कुठून निघते ते ऐका: एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून तर रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन ठीक निघालं तर इंजेक्टर उरतो. तो या विषयात मुरलेल्या माणसाकडेच काढायला द्या. जुने सील पुन्हा वापरू देऊ नका.

पायरी ८: ट्यूनरकडे जाताना

वरचं सगळं स्वच्छ निघालं तरच ट्यूनवर संशय घ्या. टायमिंग माघार चारही सिलिंडरमध्ये सारखी आणि सतत पाच-सहा अंशांच्या पुढे असेल तर इंधन, हवेचं तापमान किंवा फाइल आक्रमक असण्याची शक्यता आहे. एकाच सिलिंडरमध्ये असेल तर पुन्हा त्या सिलिंडरकडेच जा. पूर्ण लोडला लॅम्ब्डा ०.७ च्या जवळ मागितला जात असेल तर मिश्रण इतकं श्रीमंत आहे की पेटायला कुरकुर करेल.

सगळ्यात सरळ पडताळणी म्हणजे मूळ फाइल परत टाकून तोच पूल करणं. मूळ फाइलवर मिसफायर गेलं म्हणून ट्यूनच चुकीचा असा निष्कर्ष लगेच काढू नका, कारण कमी बूस्टला अशक्त कॉइलही भागवून नेते. म्हणूनच ही पायरी शेवटी आहे. ट्यूनरला “गाडी झटके देते” एवढाच मेसेज पाठवू नका. लॉगची फाइल, फ्रीझ फ्रेमचा फोटो, प्लगचा नंबर आणि फट, कुठलं पेट्रोल, किती तापमान आणि कोणत्या गावात चाचणी घेतली, हे सगळं एकत्र पाठवा. चांगला ट्यूनर एवढ्यावरून बरंच सांगू शकतो, आणि जो न बघताच नवीन फाइल पाठवतो त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळतं.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. त्याच गिअरमध्ये, त्याच डायनोवर, पहिल्यासारखाच पूल घ्या आणि दोन्ही लॉग शेजारी ठेवून बघा. काउंटर शून्यावर राहायला हवेत, आणि फक्त गार इंजिनवर नको, लागोपाठ तिसऱ्या पुलालाही, कारण कॉइल तापल्यावरच खरी कसोटी लागते. मिसफायर बरेच दिवस चाललं असेल तर तेल बदला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ते पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर तेल बदलल्याशिवाय पुढचा पूल घेऊ नका. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड पी०४२० पुढच्या काही आठवड्यांत येतो का यावर नजर ठेवा. तो आला, किंवा वरच्या आरपीएमला जोर कमी वाटला, तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून एक्झॉस्टचा उलट दाब मोजून घ्या.